दोन साक्षीदार

पेन्शनच्या खिडकीवर काचेखालच्या फटीतून अर्ज परत आला. आतल्या बाईंनी एका ओळीवर पेन्सिलीने खूण केली होती.

"ही ओळ रिकामी सोडलीत, काका."

टेलरमास्तरांनी चष्मा नीट केला. ओळ काही नजरचुकीने सुटली नव्हती. 'अर्जदार मृत पत्नीच्या कमाईवर अवलंबून होता काय?'

"माझं स्वतःचं दुकान आहे," ते म्हणाले.

"घर त्याच्यावर चालायचं?"

मागे रांग होती. मास्तरांनी खिशातली टेप उगाच चाचपली.

"चालत नसेल तर 'हो' लिहा," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि शेजारपाजारच्या दोघांच्या सह्या आणा. त्याशिवाय पेन्शन सुरू होणार नाही."

मास्तरांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. तयार कपड्यांचे दिवस आले तसं मास्तरांकडे चेन बदलणं आणि पँट आखूड करणं एवढंच उरलं. पण ऐट गेली नाही. बायकोच्या पगाराला आपण हात लावत नाही, हे ते चारचौघांत ठासून सांगत. पगार झाला की ती शिलाई मशीनच्या खणात नोटा ठेवायची आणि त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. संध्याकाळी मास्तर किराणा दुकानात जाऊन रुबाबात उधारी चुकती करत. ती गेल्यापासून खण रिकामा होता, घरभाडं थकलं होतं, आणि घरमालक आता गोड बोलेनासा झाला होता.

त्यांनी 'हो' लिहिलं. अक्षर इतकं बारीक, की मुंगीच वाटावी.

शेजारच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालाला फेस तसाच ठेवून सही ठोकली.

"अहो, वाचा तरी."

"त्यात काय वाचायचंय, मास्तर?" म्हणत त्याने वस्तरा पुन्हा हातात घेतला.

किराणावाल्याकडे ते भर दुपारी गेले, दुकानात चिटपाखरू नसताना. त्याने अर्ज अथपासून इतिपर्यंत वाचला, हात पुसले आणि सही केली. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. मास्तरांना तेच लागलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गल्लीत कुणाला माहीत नव्हतं?"

"मग कधी बोलला नाहीत."

किराणावाल्याने पेनाला टोपण लावलं. "सिस्टर ड्युटीवर जाताना इथे थांबायच्या. म्हणायच्या, आज हे येतील. दुकानात चार माणसं असताना त्यांच्याकडून पैसे घ्या. म्हणून मी जरा मोठ्याने बोलायचो."

मास्तर उभेच राहिले. 'मास्तर, धंदा जोरात दिसतोय!' हे वाक्य ऐकून ते दर महिन्याला फुलून घरी जात आणि तिला रंगवून सांगत. ती बूट काढता काढता म्हणायची, "हो का? मग काय तर!" आणि पाय चोळत बसायची.

त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. ती गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, रडायलाही जागा नव्हती. आता ते एकटे मशीनपाशी बसले आणि पोटभर रडले. तिला एकच विचारायचं होतं. इतकी वर्षं हसू कसं दाबलंस?

पेन्शन सुरू झाली, त्या संध्याकाळी किराणा दुकानात गर्दी होती. मास्तरांनी नोटा पुढे केल्या. किराणावाल्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

"मास्तर, धंदा जोरात दिसतोय!"

आणि त्याने जीभ चावली. वजनकाट्यापाशी उभा असलेला न्हावी उगाचच तांदूळ निरखू लागला.

"धंदा कसला," मास्तर म्हणाले. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "सिस्टरचे आहेत. पहिल्यापासून तिचेच होते."

किराणावाल्याने पैसे घेतले आणि यादीतली राहिलेली साबणाची वडी त्यांच्या पिशवीत टाकली.

मास्तर भरभर घराकडे निघाले. कधी एकदा हे तिला सांगतो, असं त्यांना झालं होतं. कोपऱ्यापर्यंत आल्यावर त्यांची चाल मंदावली. मग पिशवी या हातातून त्या हातात घेऊन ते सावकाश चालत राहिले.