डावं बटण

मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून बोलतोय. डबा हेच माझं अंग. खाली दोन चाकं, दोन मोटरी आणि पोटात ब्लूटूथची चिमुकली पट्टी. मालक मला रोबोट म्हणतात. मालकीणबाई म्हणतात, "ते तुमचं खेळणं."

मालक शिंपी. प्रोग्राम लिहायला ते आपले आपणच शिकले, जेवणाच्या टेबलावर, सहा महिने. बाई पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात, पण मला जोडताना मालकांनी त्यांना जवळ फिरकू दिलं नाही. झालं, दोन्ही मोटरींच्या तारांची अदलाबदल झाली! मालक कॉम्प्युटरवर डावं बटण दाबत आणि मी इमानदारीत उजवीकडे वळून भिंतीवर आपटे.

शेवटी बाईंनी बजावलं, "रविवारी वन्सं येताहेत. त्यांच्यासमोर हा धड दारापर्यंत गेला तर ठीक, नाहीतर माळ्यावर. मांडीवर ताटं घेऊन किती दिवस जेवायचं?"

माळ्यावर व्यायामाची सायकल गेलीय. ती पुन्हा खाली आलेली मी पाहिली नाही.

रविवारी मालकांची थोरली बहीण दारात खुर्ची टाकून बसली. मी ऐटीत निघालो. कपाटापाशी डावीकडे वळलं की दार. मालकांनी डावं बटण दाबलं. मी उजवीकडे वळलो आणि बाथरूमच्या पायरीवरून थेट पाण्यात, उताणा.

"अहो, असं कसं? आज सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी तारा बदलल्या होत्या!" बाई बोलून गेल्या.

"तू? अगं, मी कालच प्रोग्राममध्ये डावं-उजवं उलटं केलं होतं! छान वळत होता."

दोन दुरुस्त्या मिळून मी होतो तसाच झालो होतो.

"तू तर याला माळ्यावर टाकणार होतीस ना?"

"म्हणून काय वन्संसमोर तुमचं हसं होऊ द्यायचं?"

ताई हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पदराने पुसत म्हणाल्या, "याला राहू दे खाली. तुम्हा दोघांनाच माळ्यावर बसवायला हवं. एकमेकांशी बोलाल तरी!"

सध्या मी खिडकीत वाळतोय. माळा टळला. पण आत्ताच मालक हळूच कॉम्प्युटरसमोर बसलेत, प्रोग्राम पहिल्यासारखा करायला. आणि इकडून बाई स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्याकडे येताहेत, तारा पुन्हा बदलायला. एकमेकांना न सांगताच.

मला तोंड नाही हो. तुम्ही तरी ओरडा: कुणीतरी एकानेच दुरुस्त करा!