दहा मिनिटं पुढचं घड्याळ

आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ वहिनीने दहा मिनिटं पुढे लावून ठेवलं होतं. ते पुढे आहे हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे प्रत्येक जण मनातल्या मनात दहा वजा करून जगत असे. "या घरात म्हातारपणसुद्धा दहा मिनिटं आधी येणार," दादा म्हणायचा. वहिनी हसायची, पण हसतानाही तिचे हात डब्याचं झाकण लावत असत.

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती फिरत्या पाळ्यांत काम करी. महिनाभर एकदाही उशीर न करता सकाळी सातला हजर राहिली, तर ती पाळी तिला कायमची मिळणार होती. मग चिमणी शाळेतून परतली की दार मी नव्हे, तिची आई उघडणार होती. त्या महिन्यात तिने दिवसाच्या पार चिंध्या केल्या. इस्त्री करताना पाढे, केस विंचरताना दुसऱ्या दिवसाच्या भाजीचा विचार. तिच्याकडे पाहून मलाच धाप लागे.

शेवटचा एक दिवस उरला होता. आदल्या संध्याकाळी घड्याळ बंद पडलं. मी नवा सेल घातला आणि भाबड्या उत्साहात काटे अगदी अचूक वेळेवर लावले. ते सांगायचं राहून गेलं. माझ्या बऱ्याच गोष्टी सांगायच्या राहूनच जातात.

सकाळी घड्याळात सहा पस्तीस झाले.

"आई, सहा चाळीसची बस जाईल."

"अजून पंधरा मिनिटं आहेत, राणी. आज तुझी वेणी निवांत घालते."

अंथरुणात पडल्या पडल्या मी ते ऐकलं आणि कूस बदलली. तिच्या मागे दार ओढलं गेलं, तेव्हा कुठे मला काल फिरवलेले काटे आठवले. खिडकीतून पाहिलं, तर थांबा रिकामा. वहिनीने पर्समधून मोबाइल काढला, क्षणभर पाहिला, आणि बस गेली त्याच दिशेने ती धावू लागली.

दुपारी तिने दार वाजवलं. ते मीच उघडलं.

"अकरा मिनिटं," चपला न काढताच ती खुर्चीत बसली. "मोठ्या बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. सगळं बसवलं होतं हो, भावोजी. शेवटी मीच कमी पडले."

"वहिनी, घड्याळ पुढे नव्हतं. मी बरोबर लावलं होतं."

चपला काढायला वाकलेली ती तशीच वर वळली.

"म्हणजे मी चुकले नव्हते?"

"नाही."

"तुमच्या डोक्यात कधी प्रकाश पडणार," ती म्हणाली. पण तिचे खांदे कितीतरी दिवसांनी खाली आले होते. पुढच्याच क्षणी ती उठली, स्टुलावर चढली आणि घड्याळ काढून तिने माझ्या हाती दिलं.

"पुढे लावा. किती, ते मला सांगू नका. सांगायचं राहून जाणं तुम्हाला जमतंच."

मी काटे फिरवले. ती तोवर चिमणीचा दुसऱ्या दिवसाचा गणवेश शोधू लागली होती.