गोदावरीत न गेलेलं हाड

मी एका बाईच्या उजव्या कमरेचं हाड बोलतेय. दचकायचं काम नाही. तुम्ही आत्ता बसून हे वाचताय ना, ते माझ्यासारख्याच हाडांच्या जोडीवर बसून वाचताय.

ज्या बाईची मी, तिचं नाव मला सांगता येत नाही. हाडावर नाव कोरलेलं नसतं. एवढं मात्र ठाऊक आहे, की माझ्यावर तिनं तीन पोरं मिरवली, भरल्या घागरी पेलल्या, आणि म्हातारपणी एका सरकारी दवाखान्यात ती गेली तेव्हा त्या तिघांतलं एकही दाराशी आलं नाही. मुदत संपेपर्यंत वाट पाहिली. मग बेवारस म्हणून तिला लातूरला, डॉक्टरीच्या पोरांना शिकायला दिलं.

पोरांचं शिकून झाल्यावर आम्हाला उकळलं, घासलं, गच्चीवर वाळवलं. ते काम व्यंकटी नावाच्या शिपायाकडं होतं. मला उलटंपालटं करत तो म्हणाला, "म्हातारे, जितेपणी शाळेचं तोंड पाहिलं न्हाईस. आता डॉक्टर लोक तुझ्यापुढं मान खाली घालून बसतेत बघ."

उभ्या जन्मात माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. मी मास्तरीण झाले, ती मेल्यावर झाले.

एका पत्र्याच्या पेटीत आमचा संच लागला. कवटी एका कोवळ्या पोराची, मांडीचं हाड एका उंच गड्याचं, बरगड्या कुणाकुणाच्या. जिवंतपणी एका पाणवठ्यावर तरी आलो असतो की नाही, कोण जाणे. पेटीत मात्र एकमेकांच्या अंगावर निजलो.

माझा पहिला मालक आदिनाथ. कमरेच्या हाडाला बाहेरून एक वाटीसारखी खोबण असते, मांडीचं हाड तिथं बसतं. आदिनाथनं त्या वाटीत वर्षभर सिगारेटची राख झाडली. आणि खंडेनवमीला पुस्तकं, सुऱ्या, चिमटे मांडून पूजा केली तेव्हा त्याच वाटीत झेंडूचं फूल ठेवून मला हात जोडले! खाली वाकून नमस्कार करताना त्याला राख दिसली नसेल का? दिसली असेल. फुंकर मारून फूल ठेवलं होतं.

वर्ष संपलं की वरच्या वर्गातल्यानं पेटी खालच्याला द्यायची, अशी रीत आहे. देताना आधी गाव विचारतात, मग आडनाव. आडनावावरून पुढचं काय ते कळतं. 'आपला' निघाला तर पेटी. आदिनाथला त्या साली आपला कुणी सापडला नाही, म्हणून शेजारच्या खोलीतल्या नागसेनचा नंबर लागला. नागसेन बिलोलीचा. त्यानं मग आपल्या गल्लीतली समीक्षा नांदेडला डॉक्टरीला लागली तेव्हा पेटी एसटीनं तिच्याकडं पाठवली. त्यानंही 'आपलंच' माणूस पाहिलं. मी कुणाला सोडणार नाही, सगळ्यांचं सांगणार.

समीक्षानं पहिल्या दिवशी लिंबानं घासून माझ्या वाटीतला काळा डाग काढला. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात मला गुंडाळलं. माझ्या मागच्या बाजूला एक खाच आहे. तिच्यात अंगठा घालून पाहतात. मोकळा फिरला तर हाड बाईचं, अडकला तर गड्याचं. समीक्षाचा अंगठा फिरला. ती हसून म्हणाली, "या मावशी. मीपण बाईच."

कॉलेजजवळच्या भाड्याच्या खोलीत तिच्याबरोबर निलंग्याची उज्वला राहायची. पेटी समीक्षाची, अभ्यास दोघींचा. कवटी उशीवर, बरगड्या चादरीवर आणि मधे पोह्यांची एकच ताटली. उज्वला सकाळी देवीच्या फोटोपुढं उदबत्ती लावायची, समीक्षा बुद्धाच्या लहान मूर्तीपुढं त्रिशरण म्हणायची. रविवारी संध्याकाळी मेस बंद, तेव्हा दोघी गुरुद्वाऱ्यात लंगरला जाऊन पोटभर जेवून यायच्या. आणि परीक्षेत दोघी एकाच कंपनीचं निळं पेन वापरायच्या, कारण म्हणे ते पास करतं.

पेनानं घात केला. शरीररचनेच्या विषयात दोघी नापास झाल्या. उज्वला नापास झाली तेव्हा लोक म्हणाले, पेपर अवघड होता. समीक्षा नापास झाली तेव्हा म्हणाले, कोट्यातल्यांचं असंच असतं. पेपर एकच होता.

फेरपरीक्षा दसऱ्यानंतर होती. त्यातही नापास झाली तर समीक्षाचं वर्ष जाणार, बरोबरच्या पोरी पुढं निघून जाणार, आणि ते वाक्य कायमचं तिच्या कपाळी चिकटणार. पोरीनं मला इतकं हाताळलं, की मी गुळगुळीत झाले.

घटस्थापनेच्या आधी उज्वलाची आई, गुणाबाई, निलंग्याहून आली. पोरगी पास होऊ दे म्हणून माहूरच्या रेणुकामातेला तिनं नवस बोलला होता आणि या साली घट लेकीच्या खोलीवरच बसवायचा ठरवला होता. पेटी उघडी पाहून बाईनं पदर तोंडाला लावला.

"अगं बाई! ह्या मढ्याच्या हाडांत घट कसा बसवावा? आई कोपंल की."

"मावशी, पलंगाखाली सारते. वरून चादर टाकते," समीक्षा म्हणाली.

"तसं न्हाई जमत. तुमच्यात चालतंय समदं, आमच्यात न्हाई."

"आमच्यात चालतंय म्हणूनच तर तुमची उज्वला माझ्या पेटीवर शिकून राहिली."

उज्वला मधे पडली. "समी, सोड ना. आई आहे माझी."

त्याच दुपारी बिलोलीहून फोन आला, समीक्षाच्या आईला ताप भरला होता. एका दिवसासाठी ती निघाली. बसमध्ये वाचायला म्हणून पुस्तक घेतलं आणि पुस्तकाबरोबर मला. शेजारच्या म्हातारीनं पिशवी चाचपून विचारलं, "काय गं, सुरण हाय का?" समीक्षा हसून म्हणाली, "हाव आजी, सुरणच." पोरीला हसताना मी शेवटचं पाहिलं ते तिथं.

दुसऱ्या दिवशी परत आलो तर पेटीच्या जागी घट बसला होता. माती, वर तांब्या, तांब्यावर नारळ.

"पेटी कुठंय?"

उज्वला खाली बघत म्हणाली, "गोदावरीत सोडली. चिडू नको, समी. आईनं नव्या कपड्यात बांधली, हळदकुंकू वाहिलं, तांदूळ वाहिले. बेवारस होती ना ती. कुणी दिवस घातले नव्हते त्यांचे. सुटली बिचारी."

"परीक्षा अकरा दिवसांवर आहे, उज्वला."

"माझीपण आहे ना? आई म्हणली, एवढं पुण्य केलं की रेणुकामाय बघून घेईल."

"तुझं बघून घेईल. माझं कोण बघणार?"

उज्वलाला रडू आलं. खरं रडू होतं ते, खोटं नाही. तिनं वाईट केलंच नव्हतं, तिच्या हिशेबी. दुसऱ्याच्या वस्तूचं पुण्य आपल्या नावानं करायला या लोकांना कधी विचारावंसंच वाटत नाही. समीक्षाला नाही विचारलं, आणि आम्हाला कुणी विचारायचं! एवढ्या पोरांना शिकवणारे आम्ही. सुटका हवी असं आमच्यातलं कोण म्हणालं होतं?

गुणाबाईनं पिशवीत मला पाहिलं. "एक राहिलं की! आण हिकडं, तेबी सोडून येते." समीक्षानं मला छातीशी धरलं आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. "हात लावायचा नाही, मावशी."

कॉलेजला सुट्ट्या लागलेल्या, तिथलं हाडांचं कपाट कुलपात. समीक्षानं ज्यांच्याकडं पेट्या होत्या त्या सगळ्यांना फोन लावले. कुणाची घरी नेलेली, कुणाची 'आधीच दुसऱ्याला शब्द दिलेली'. अकरा दिवस त्या खोलीत एकच हाड होतं, मी. आणि समीक्षानं, रागाच्या भरातही, मला उज्वलापासून लपवलं नाही. सकाळी ती वाचायची, दुपारी मला उज्वलाकडं द्यायची. मी तिच्या जागी असते तर दिलं नसतं.

तोंडी परीक्षेला परीक्षकानं उज्वलाच्या हातात हाड ठेवलं. कमरेचं. बाजू, बाईचं की गड्याचं, कुठून काय निघतं, तिनं धडाधडा सांगितलं. मग समीक्षाच्या हातात पोटरीचं बारीक हाड दिलं. ते फार फसवं असतं. उजवं-डावं भल्याभल्यांना कळत नाही, रोज हातात घेतलं तरच बोटांना उमजतं. आमच्या पेटीतलं ते हाड तेव्हा गोदावरीच्या गाळात होतं. समीक्षानं दोनदा फिरवून पाहिलं आणि चुकलं. मग पुढचंही चुकत गेलं.

उज्वला पास. समीक्षा नापास.

परवा उज्वला माहूरहून आली, नवस फेडून. हातात देवीचा प्रसाद, कुटलेल्या विड्याचा तांबूल. थोडा समीक्षाच्या हातावर ठेवून म्हणाली, "समी, मायची कृपा बघ, नेमकं कमरेचंच हाड आलं मला." समीक्षानं तांबूल खाल्ला. प्रसाद नाकारायचं तिला जमत नाही. मग उज्वला हळूच म्हणाली, "आई म्हणती, ते एक हाड राहिलंय त्यानं नवस अपुरा राहतो. देतीस का? मी नवी पेटी मिळवून देते, शपथ."

"ज्या हाडानं तू पास झालीस, ते बुडवायला मागतीस?" समीक्षा म्हणाली. "तुझी माय खोली सोडायला सांगत असंल तर सोड. हे मिळणार नाही."

उज्वला त्याच संध्याकाळी सामान घेऊन गेली. जाताना देवीच्या फोटोला नमस्कार केला आणि फोटो नेला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

वाचणाऱ्यांनो, मेलेल्यांची काळजी करायची एवढीच हौस असेल, तर मरायच्या आधी करा. दवाखान्यात या, खाटेशी बसा, तोंडात पाणी घाला. ते जमलं नाही तर मागाहून हळदकुंकू घेऊन येऊ नका. मला मुक्ती नको. मला काम पाहिजे, आणि ते करू देणारी एक पोरगी पाहिजे. दोन्ही आहेत माझ्याजवळ.

आता बोलणं पुरे. समीक्षानं फरशी पुसून मला मधोमध ठेवलंय आणि खडू घेतलाय. नदीत गेलेलं एकेक हाड ती पुस्तकात बघून माझ्या भोवती काढतेय, जिथल्या तिथं. मांडी झाली, गुडघा झाला. पोटरीशी आली की हात थांबतो, पुसते, पुन्हा काढते. आज चौथ्यांदा काढून राहिलीय.