चाहूलअक्का आणि मापाचा टेप

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, दारात चपलांचा ढीग, आणि मधोमध उंच पाठीच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेली चाहूलअक्का. तिच्यासमोर एक तरुण सून मान खाली घालून उभी होती.

"येतंय," अक्का म्हणाली. "कुणीतरी येतंय. पावलं अगदी चिमुकली आहेत. मला चाहूल लागली आहे."

सुनेने चमकून शेजारी उभ्या सासूकडे पाहिलं. तिने ही बातमी अजून नवऱ्यालाही सांगितली नव्हती. तिचा चेहराच सगळं बोलून गेला आणि गर्दीने तोंडात बोटं घातली.

पडद्यापलीकडे, दुकानात, शिवणयंत्रावर बसलेले टेलरमास्तर मात्र गालातल्या गालात हसले. याच सुनेने मागच्या आठवड्यात आपला ड्रेस कमरेत सैल करायला दिला होता. "उकडतं फार, जरा मोकळा हवा," म्हणाली होती. मास्तरांनी तो सैल करून दिला आणि घरी जेवताना सांगून टाकलं, "त्या घरात पाळणा हलणार बरं का." अक्का, म्हणजे मास्तरांची थोरली मेहुणी, तेव्हा समोरच जेवत होती.

मास्तरांच्या धंद्यात एक रीत होती, वडिलांनी घालून दिलेली. गिऱ्हाइकाचं माप मोठ्याने बोलायचं नाही. कुणाचं पोट सुटलं, कुणाचे खांदे उतरले, ते दुकानात ओठांवर आणायचं नाही. माणसाला ओशाळल्यासारखं होतं. मास्तर ही रीत काटेकोर पाळत. पण दिवसभर कोंडलेलं बोलणं कुठेतरी बाहेर पडणारच. ते जेवताना पडायचं.

अक्का ऐकलेलं वाया घालवणाऱ्यांपैकी नव्हती. शिवाय ज्यांच्याबद्दल काही ऐकलं नव्हतं त्यांच्यासाठीही तिच्याकडे साठा होता. प्रवासाची चाहूल, पाहुण्यांची चाहूल, वादाची चाहूल, वाद मिटल्याची चाहूल. एवढ्यातलं काही ना काही प्रत्येकाच्या घरी येतंच. आलं की चाहूल खरी, आणि नाही आलं तर अक्काने ते वाटेतूनच परत पाठवलं. मास्तरांना हे सगळं कळत होतं. त्यांना त्याची गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर अक्काकडे आलेली माणसं जाता जाता दुकानात कापडही टाकून जात. म्हणून मास्तर मूग गिळून बसले.

मग बेकरीवाल्याने पँट कमरेत आत घ्यायला आणली. तो मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त, अंगाने दणकट गडी. थोड्या दिवसांनी तीच पँट पुन्हा आत घ्यावी लागली. टेप लावून होईपर्यंत त्याने दोनदा पाणी मागून घेतलं. मास्तरांना हे लक्षण बरं वाटलं नाही. पण तोंडाने ते एवढंच म्हणाले, "लेका, थोडे पाव स्वतःही खात जा." दोघेही हसले.

घरी मात्र त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "बेकरीवाल्याला काहीतरी मोठं दुखणं लागलंय," ते म्हणाले. अक्काने भात कालवता कालवता मान हलवली.

पुढे बेकरीवाला स्वतःच अक्कासमोर येऊन बसला. पडद्याआडून मास्तरांनी सगळं ऐकलं.

"दुखणं निघालंय तुझ्याकडे," अक्का म्हणाली. "डॉक्टरकडे गेलास तर दुखण्याला तुझं दार सापडेल. मी ते वाटेतच अडवते. हे मंतरलेलं पाणी रोज घे."

पाण्यात भरपूर साखर असायची, कारण चव गोड लागली की माणसाला गुण आल्यासारखं वाटतं. मास्तर खुर्चीतून अर्धवट उठले, आणि पुन्हा बसले. जाईल तो डॉक्टरकडे, शहाणा आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

तो गेला नाही. एके सकाळी भट्टीसमोरच कोसळला.

हॉस्पिटलमधून मास्तरांची लेक थेट दुकानात आली. ती शाळेत भाषा शिकवायची.

"रक्तातली साखर भयंकर वाढली आहे, बाबा. रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागणार. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर ही वेळ आली नसती." ती थांबली. "चाहूल म्हणजे काय, सांगा बरं."

"हे काय आता?"

"आई जिन्यावरची पावलं ऐकून सांगते की तुम्ही आलात. ती चाहूल. त्यासाठी कुणीतरी जिना चढत असावं लागतं आणि कुणीतरी ऐकत असावं लागतं. मावशीला ही पावलं कुठे ऐकू येतात? जे तयार कपडे घेतात, त्यांच्याबाबतीत तिचं कधी नेमकं जुळलंय?"

मास्तर टेपची गुंडाळी करत राहिले. गुंडाळी पुन्हा पुन्हा सुटत होती.

तेवढ्यात पडद्यापलीकडून बेकरीवाल्याच्या बायकोचा आवाज आला. "अक्का, ते सुई द्यायची म्हणतात. काय करू?"

"सुईच्या वाटेने दुखणं पुन्हा आत शिरेल. मला चाहूल लागते आहे. आजच्या आज घरी आण त्याला."

मास्तरांनी पडदा सरकवला. एवढी माणसं आपल्याकडे पाहताहेत हे बघून त्यांना घाम फुटला.

"वहिनी, त्याला घरी आणू नका," ते म्हणाले. "अक्काला काही चाहूल लागत नाही. मी टेप लावतो, जेवताना बोलतो, ती ऐकते. तुमच्या सगळ्यांचं असंच. माझ्याकडे कपडे न शिवणाऱ्या कुणाचं तिने नेमकं सांगितलं असेल, तर बोला."

कोपऱ्यातल्या पोस्टमनने डोकं खाजवलं. "मला परदेश सांगितला होता. मी अजून त्याच गल्ल्या हिंडतोय."

"भावोजी," अक्का डोळे उघडून म्हणाली, "तुमचं दुकान कुणामुळे चाललं तेही सांगा."

"तुझ्यामुळे. म्हणूनच गप्प होतो."

बेकरीवाल्याची बायको त्यांच्याकडे बघत होती. "भावोजी, तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"दुसऱ्यांदा पँट आत घेतली तेव्हापासून."

तिने पिशवी उचलली आणि हॉस्पिटलकडे निघाली.

संध्याकाळी मास्तर कॉटशेजारी उभे राहिले. बेकरीवाला हळू आवाजात म्हणाला, "घरी सगळ्यांना सांगितलंस. मला नाही."

"दुकानात माप बोलायचं नसतं रे," मास्तर म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना स्वतःची लाज वाटली. बेकरीवाल्याने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि सुई घेऊन आलेल्या नर्सपुढे दंड केला.

अक्काची खुर्ची आता रिकामी असते. मास्तरांनी वडिलांची रीत मोडली नाही, थोडी बदलली. माप ते अजूनही मोठ्याने बोलत नाहीत, पण ज्याचं त्याच्या कानात सांगतात, "कंबर बरीच उतरली आहे, डॉक्टरांना दाखवून घ्या." घरी जेवताना गिऱ्हाइकांचा विषय निघत नाही.

उद्याची चाहूल लागली असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा: कशावरून? ज्याने खरोखर काही पाहिलं किंवा मोजलं असेल, तो कारण सांगेल आणि डॉक्टरकडेही पाठवेल. जो कारण लपवतो, त्याच्यासमोर क्षणभरही बसू नका. आणि चाहूल तुम्हालाच लागली असेल, तर ज्याच्या दाराकडे संकट निघालंय त्याला आधी सांगा.

बेकरीवाला सावरला. रोज सुई घेतो, पहाटे भट्टी पेटवतो. मास्तर दिसले तर मान हलवतो. कपडे मात्र तो आता तयारच घेतो.