भिजलेलं तळघर

राज्याच्या इतिहास मंडळात बाई लागल्या तेव्हा आलेल्या वस्तूंना चिठ्ठ्या बांधणं एवढंच त्यांचं काम होतं. वस्तू म्हणजे सेनापतींच्या तलवारी, मंत्र्यांच्या खुर्च्या, न्यायाधीशांचे टोप. चिठ्ठी बांधायची, नंबर घालायचा, कपाट बंद करायचं. कपाट पुन्हा कधी उघडेल याची कोणालाच घाई नसायची.

तेव्हा लग्न नवीन होतं. नवऱ्याची बेकरी होती, वडिलांच्या वेळेपासूनची. ते पहाटे भट्टीवर जात आणि बाई उठायच्या आत त्यांचा अर्धा दिवस संपलेला असे. संध्याकाळी बाई परतत तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यांवर झापड आलेली.

"आपण संसार करतोय की पाळ्या लावल्यात?" एकदा त्यांनी विचारलं.

"पाळ्याच," बाई म्हणाल्या. "पण एकाच कारखान्यात."

ते हसले, पण मंडळाशी त्यांचं कधी जमलं नाही. मंडळाला ते 'सवत' म्हणत. नणंदबाई त्याच्याही पुढच्या. त्यांनी वहिनीचं नाव 'धूळबाई' ठेवलं होतं आणि ते सगळ्या नात्यात पसरलं होतं. मुलगी झाली, शाळेत जाऊ लागली, तरी बेकरीवाले मंडळाची पायरी चढले नव्हते. "तुझ्या त्या जुन्या बाजारात मी काय करू?" एवढंच म्हणत.

बाईंनी मात्र चिकाटीने जागा धरली. एकेक पायरी चढत त्या संग्रहाच्या प्रमुख झाल्या, आणि मग त्यांनी वस्तू आणायची पद्धतच बदलली. घरोघर जायच्या, ओसरीवर बसायच्या, लोकांना बोलतं करायच्या. बस कंडक्टरचं तिकिटं पाडायचं यंत्र आलं, गिरणीतल्या बायकांचे डबे आले, साध्यासुध्या घरांतले फोटोंचे अल्बम आले. एक दिवस एका सुईणीची कातडी पिशवी आली. तेव्हाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी पिशवीकडे बघून नाक मुरडलं.

"बाई, हे भंगार कशासाठी?"

"साहेब, मंत्र्यांच्या खुर्च्या आपल्याकडे आहेतच. त्या मंत्र्यांना या जगात आणणारीचं काहीतरी नको का?"

अध्यक्षांनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "चिठ्ठी नीट बांधा." पुढे बाईंना संचालक करायचा ठराव त्यांनीच मांडला.

संचालक झाल्यावर बाईंनी वाचनालय सगळ्यांना खुलं केलं. शाळेतली मुलं येऊ लागली, आपल्या आजोबांचं नाव शोधणारे म्हातारे येऊ लागले. घरी मात्र बाई आणखी उशिरा येऊ लागल्या. बेकरीवाले ताट झाकून ठेवत आणि झोपून जात. भांडण असं कधी झालं नाही. दोघांनाही भांडायला एकाच वेळी जाग नसायची.

मग तळघराची ती गोष्ट झाली.

सुट्टीच्या दिवशी मंडळाच्या इमारतीतली पाण्याची मोठी नळी फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहारेकऱ्याने दार उघडलं तर तळघरात गुडघाभर पाणी. खालच्या फळ्यांवरचं सगळं बुडालेलं. अल्बम, कागदांचे गठ्ठे, ती पिशवी. सेनापतींच्या तलवारी वरच्या मजल्यावर कोरड्या ठणठणीत होत्या. पाण्यात होतं ते सगळं बाईंनी घरोघर हिंडून आणलेलं.

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. पहारेकरी विचारत होता, कोणाला बोलवू? बाईंनी स्वतःच फोन लावला, आणि का कोण जाणे, तो बेकरीत लावला.

बेकरीवाले अंगावरच्या पीठ लागलेल्या ॲप्रनसह आले. तळघरात एकदा वाकून बघितलं आणि बायकोशेजारी पायरीवर बसले.

"भट्टी गरम आहे," ते म्हणाले. "सगळं उचलू आणि वाळवून काढू."

"अहो, भट्टी कसली? ऊब लागली की कागद आकसतो, फोटो चिकटून बसतात. वाऱ्यावर सुकवायला हवेत, आणि एवढे एकदम सुकवायला माणसं कुठून आणू? दोन दिवसांत बुरशी धरेल. थंड हवं, अगदी गोठेल असं. म्हणजे मग सवडीने थोडं थोडं काढता येतं."

"गोठेल असं," बेकरीवाले म्हणाले, आणि उठून उभे राहिले. "अगं, मग माझा फ्रीजर काय लोणी राखायलाच आहे का?"

दुपारपर्यंत बेकरीचा मोठा फ्रीजर रिकामा झाला. लोणी शेजारच्या हॉटेलवाल्याकडे गेलं. ब्रेडचे चाकांचे रॅक टेम्पोतून मंडळात आले. त्यांच्या जाळीच्या फळ्यांवर कागद पसरायला जागाच जागा. बेकरीच्या दारावर मुलीने पाटी लावली: "आज ब्रेड नाही. फ्रीजरमध्ये इतिहास आहे." पाटी बघून गिऱ्हाईकं आधी हसली आणि मग मंडळाच्या दाराशी येऊन उभी राहिली.

नवे अध्यक्ष म्हणत होते, बाहेर वाच्यता नको, मंडळाची अब्रू जाईल. बाईंनी ऐकलं नाही. ज्यांनी ज्यांनी वस्तू दिल्या होत्या त्या सगळ्यांना त्यांनी स्वतः फोन केले. "तुमची वस्तू माझ्याकडे भिजली," एवढंच सांगायच्या आणि समोरचं माणूस काय म्हणेल याची वाट बघायच्या.

सुईणीची लेक आली. आता तीही म्हातारी झाली होती. बाईंनी पिशवी दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरली.

"माफ करा. तुम्ही विश्वासाने दिली होती."

तिने पिशवीवरून हात फिरवला. "आईची पिशवी ओलीच असायची हो," ती म्हणाली. "हिला कोरडी बघून मला नेहमी वाटायचं, ही कोणा दुसऱ्याचीच आहे." आणि पदर खोचून ती फोटो पुसायला बसली.

त्या आठवड्यात बाई आणि बेकरीवाले पहिल्यांदाच दिवसभर एका खोलीत राहिले. ते कागदांमध्ये टिपकागद घालायचे, बाई चिठ्ठ्या जुळवायच्या. हात चालू असताना ते विचारायचे.

"हा कोण, छत्री घेऊन उभा?"

"टपालवाला. पुरात त्याने पत्रं डोक्यावर बांधून नेली होती."

"आणि ही?"

"त्याची सासू. जावयाला वेडा म्हणायची. फोटो मात्र तिनेच काढून घेतला."

बेकरीवाल्यांनी फोटो अलगद जाळीवर ठेवला. मग म्हणाले, "हे सगळं तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही झोपलेले असायचात."

"उठवायचंस."

बाईंनी मान खाली घातली आणि हातातली चिठ्ठी उगाचच दुसऱ्यांदा बांधली.

बरंचसं वाचलं. काही अल्बम कायमचे गेले; त्यांची नावं बाईंना शेवटपर्यंत पाठ होती. नवं कोठार वरच्या मजल्यावर बांधलं गेलं. बेकरी बंद असायची त्या दिवशी बेकरीवाले मंडळात येऊ लागले आणि पाहुण्यांना वस्तू दाखवू लागले. सनावळीच्या बाबतीत त्यांचा आनंदच होता, पण लोक त्यांच्याभोवतीच गर्दी करत. नणंदबाईही एकदा आल्या आणि जाताना आपला जुना अडकित्ता ठेवून गेल्या.

बाई निवृत्त झाल्यावर नव्या संचालक घरी आल्या. बाईंच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून मंडळात ठेवायच्या होत्या. बाई सांगत होत्या, आणि शेजारी बसलेले बेकरीवाले मध्ये मध्ये तोंड घालत होते. "नाही नाही, न्यायाधीश आधी हसले होते." "ती नळी नव्हे, टाकी." मग ते चहा करायला आत गेले आणि तिथून मोठ्याने विचारलं, "अगं, साखर कुठे ठेवलीस?"

"वरच्या फळीवर, डाव्या हाताला," बाईंनी तेवढ्याच मोठ्याने सांगितलं.

संचालकांनी मशीन थांबवलं. "बाई, हे त्यांचं मधलं बोलणं नंतर काढून टाकू ना?"

"काही काढू नका," बाई म्हणाल्या. "सुरू करा पुन्हा. येतीलच ते."