आकडा बरोबर, उजेड चुकीचा

मी मीटर बोलतोय. विजेचं बिल काढणारा नव्हे आणि ऑटोरिक्षातलाही नव्हे. मी उजेड मोजतो. तळहाताएवढी पिवळी पेटी, तिच्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला बोराएवढा पांढरा घुमट, असा माझा अवतार. घुमटावर जेवढा उजेड पडतो, तेवढा आकडा माझ्या छातीवर उमटतो. त्या आकड्याला लक्स म्हणतात. एवढंच माझं काम आणि एवढीच माझी अक्कल.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते नागपुरातलं दिव्यांचं एक मोठं दुकान. मालकांना सगळे भैय्याजी म्हणत. माणूस दिलदार. गिऱ्हाइकाला आधी चहा पाजायचे, मग दिवे दाखवायचे. दारात पाटी होती, 'दिव्यांचं डिझाइन फुकट'. लोक घराचे नकाशे घेऊन यायचे आणि दिपाली नावाची मुलगी त्यावर दिव्यांच्या जागा आखून द्यायची. ती आर्किटेक्ट होती आणि उजेडाचं वेगळं शिक्षणही तिनं घेतलं होतं. तिनं एका खोलीत चार दिवे दाखवले की भैय्याजी त्याचे नऊ करायचे.

"लोकायले उजेड पायजे बेटा. आपण कमी काहून द्यायचा?"

गिऱ्हाइकासमोर ते मला हात उंच करून दिव्याच्या अगदी जवळ धरत. आकडा सरसर चढे, गिऱ्हाईक खूश होई. मी खोटं बोलत नव्हतो. तिथं तेवढा उजेड होताच. पण तिथं, छताखाली हातभर अंतरावर, कोणी भाजी चिरणार नव्हतं की अभ्यास करणार नव्हतं. दिपाली अशा वेळी नकाशाकडे बघत राही. मला वाटतं, आम्हा दोघांना एकाच गोष्टीची लाज वाटत होती.

एक दिवस तिनं नोकरी सोडली. भांडण वगैरे काही झालं नाही.

"मले दिवे विकायचे नाहीत भैय्याजी. कुठं कसा उजेड पायजे, फक्त ते सांगायचं आहे."

भैय्याजी मोठ्यानं हसले. "नुसतं सांगायचे पैसे कोण देते वं?"

तरी निघताना त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं. दुकानात नवा मीटर आला होता आणि तिला काहीतरी द्यावं असंही त्यांना वाटलं असावं.

पुढचं वर्षभर मी तिच्या पिशवीत टेप आणि पेन्सिलींच्या शेजारी बराच आराम केला. लोक विचारत, "कोणत्या कंपनीचे दिवे देता?" ती म्हणे, "देत नाही." मग लोक दिवे देणाऱ्याकडे जात.

अशात देवराव आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारे. उत्तर नागपुरात त्यांच्या वस्तीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर चाळीस मुलामुलींची अभ्यासिका होती. वस्तीनं वर्गणी काढून ती उभी केली होती आणि देवराव तिचे अध्यक्ष. सहा महिन्यांपूर्वी तिथं नवे दिवे लागले होते. वीस लखलखीत चौकोनी पॅनल, फुकट डिझाइनसह. दुकान अर्थात भैय्याजींचंच. आणि तेव्हापासून मुलांची डोकी दुखू लागली होती. पाच जणांनी येणं सोडलं होतं.

"भैय्याजी म्हणतात आणखी आठ दिवे लावा," देवराव म्हणाले. "कमिटी हो म्हणून राहिली. मी म्हटलं, थांबा, कोणाले तरी विचारू."

आम्ही गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. खिडक्यांचे पडदे ओढलेले आणि सगळे दिवे चालू. भैय्याजीही मुद्दाम आले होते. दिपालीनं मला एका मुलीच्या उघड्या पुस्तकावर ठेवलं. मला वाटलं, आता माझ्या हातून एकदाचं खरं काम होणार. आकडा उमटला, सातशे.

भैय्याजींनी टाळी वाजवली. "पाहा! तुमचाच मीटर सांगून राहिला. वाचायले याच्या निम्मा उजेड पुरते. मग गडबड लेकरायच्या डोळ्यातच आहे ना?"

मी ओशाळलो. आकडा बरोबर होता. पुस्तकावर पडणारा उजेड मला मोजता येतो, पण समोरून डोळ्यांत घुसणारा झगझगाट मला कळतच नाही. त्यासाठी दुसरी यंत्रं असतात, नाहीतर डोळे असलेलं माणूस लागतं.

ती मुलगी प्रीती. मौद्याहून रोज बसनं यायची. स्पर्धा परीक्षेचं तिचं दुसरं वर्ष. ती हळूच म्हणाली, "मॅडम, मले दोनदा चष्मा बदलून दिला. आई म्हणते, डोळे जाऊन राहिले तर घरीच बस, पुरे झाला अभ्यास."

दिपालीनं मला बाजूला ठेवलं, प्रीतीला उठवलं आणि स्वतः त्या खुर्चीत बसून वाचू लागली. मग दुसऱ्या खुर्चीत. मग चौथ्या रांगेत. तासभर तिचं हेच चाललं होतं. भैय्याजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी तिनं प्रीतीला जागेवर बसवलं, हातातली पुठ्ठ्याची फाईल तिच्या कपाळावर टोपीच्या पुढच्या पट्टीसारखी धरली आणि म्हणाली, "आता वाच."

प्रीती वाचू लागली. एक पान झालं, दुसरं झालं. मान वर न करता ती म्हणाली, "असं धरलं तर बरं वाटून राहिलं."

"काहून?" देवरावांनी विचारलं.

"या बसा काकाजी."

देवराव बसले. फाईल कपाळाशी धरली, काढली, पुन्हा धरली. मग समोरच्या पॅनलांच्या रांगेकडे डोळे बारीक करून बघत म्हणाले, "हे तर समोरून गाडी आल्यासारखं आहे."

मग दिपालीनं सांगितलं. पॅनल डोळ्यांसमोर येतात. टेबलांचा गुळगुळीत पांढरा पत्रा त्यांचा उजेड खालून पुन्हा डोळ्यांत फेकतो. आणखी आठ दिवे लावले तर त्रास वाढेल. पडदे उघडा आणि टेबलं वळवा म्हणजे खिडकी डावीकडे येईल. निम्मे पॅनल बंद करा. टेबलांवर खाकी कागद चिकटवा. प्रत्येक टेबलावर खोल टोपीचा छोटा दिवा डावीकडे ठेवा, डावखुऱ्यांना उजवीकडे. "आणि आधी दोनच टेबलं करून पाहा. आठ दिवस मुलं काय म्हणतात ते ऐका, मग बाकीची."

भैय्याजींचा चेहरा उतरला. "म्हणजे लागलेले दिवे बंद करायचा सल्ला? याची बी फी?"

देवरावांनाही तोच प्रश्न पडला होता. "मॅडम, राग नका मानू. याच्यात तुम्हाले काय भेटते?"

"माझी ठरलेली फी, काकाजी. तुम्ही शंभर दिवे घेतले तरी तेवढीच, एकही नाही घेतला तरी तेवढीच. म्हणून तर नको म्हणता येते मले."

देवरावांनी स्वतः उठून एका टेबलाचं टोक धरलं. दुसरं टोक कोणी धरावं? भैय्याजींनी! "एकट्यानं काय उचलता गा, कंबर जाईल," असं पुटपुटत त्यांनी टेबल वळवायला हात लावला.

आठ दिवसांनी आम्ही परत गेलो. दिपालीनं मला त्याच मुलीच्या पुस्तकावर ठेवलं. आकडा चारशे वीस. देवराव दचकले. "अरे, हा तर कमी झाला!"

"होऊ द्या काकाजी," प्रीती म्हणाली. "मी सकाळपासून इथंच आहे. तीन तास झाले, डोकं नाही दुखलं."

महिन्याभरात चाळीसही टेबलं वळली. टेबलावरचा दिवा कसा हवा ते दिपालीनं कागदावर लिहून दिलं, दुकानाचं नाव लिहिलं नाही. देवराव तो कागद घेऊन तीन दुकानांत फिरले आणि त्यातले सर्वांत चांगले दिवे त्यांना भैय्याजींकडेच मिळाले. सोडून गेलेल्या पाचांपैकी चौघं परत आली. पाचव्याला पुण्यात नोकरी लागली होती, त्यात आमचा काही हात नाही.

आता माझं वय झालं आहे. पेटीचा एक कोपरा फुटलाय. मागच्या वर्षी दिपालीनं मला तपासून आणलं, तेव्हा कळलं की मी खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा दाखवतो. तिनं तशी चिठ्ठी माझ्या पाठीवर चिकटवली आणि मला पुन्हा पिशवीत ठेवलं. शाळा, दवाखाने, रामटेकचं एक छोटं घर, अशी कामं चालू आहेत. कुठं आकडा वाचून ती मान हलवते, कुठं मला पिशवीतच ठेवून आधी खुर्चीत जाऊन बसते. मला त्याचं वाईट वाटत नाही. आपल्याला काय कळत नाही हे ज्याला ठाऊक आहे, अशा माणसाच्या हातात राहणं सुखाचं असतं.

तुम्ही कधी घर बांधाल, शाळा बांधाल, दिवे लावाल. तेव्हा कोणी माझ्यासारख्याला उंच धरून मोठा आकडा दाखवला, तर त्याला नम्रपणे सांगा, जिथं माझं पोर वाचायला बसणार आहे तिथं ठेवा. आणि सल्ला देणाऱ्याला एवढंच विचारा, "यातलं मले काय नको?" जो याचं उत्तर देईल, त्याच्या हाती घर सोपवा.