आईची डावी बाजू

फिजिओथेरपीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी घरातल्या तिघांना समोर बसवून सांगितलं होतं. पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने आपल्या हातात असतात, पुढे पाय कोणाला जुमानत नाही. आजींच्या डाव्या बाजूला माणूस हवा. कमरेचा पट्टा धरून, त्यांच्या पावलाला पाऊल लावून, घराच्या दारापासून लिफ्टपर्यंत आणि परत. सकाळी त्या स्वतः करून घेतील. संध्याकाळी घरातलं कोणीतरी. खाडा नको.

"संध्याकाळ माझी," मुलगा म्हणाला. सुनेचा मणका सरकलेला आणि आई अंगाने भरलेली, त्यामुळे दुसरं कोणी नव्हतंच.

आईला स्वतःच्या घरी परत जायचं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिच्या दोन खोल्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर परक्यांची बोलणी जोडून देऊन तिने त्या घेतल्या होत्या. मुलाचं म्हणणं, जागा भाड्याने देऊन टाकू. बरीच ओढाताण होऊन शेवटी ठरलं की जिना चढता आला तर आई तिकडे जाईल, नाही तर इथेच राहील. किल्ली आईच्या उशाखाली असे.

मुलगा विमा कंपनीत शाखाप्रमुख होता. एका संस्थेने पक्षाघाताच्या रुग्णांसाठी चालण्याचा उपक्रम काढला. महिनाभर रोज चालायचं, ते खिशातला फोन मोजणार, आणि ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या मिळवायच्या. ज्याचं चालणं जास्त, त्याच्या नावाने कंपनीही जास्त देणार. जमलेल्या पैशांतून गरजूंना चाकाच्या खुर्च्या. मुलाने पहिल्याच दिवशी नाव दिलं आणि नारिंगी टी-शर्ट घेऊन घरी आला.

"आई, हे तुझ्यासाठी!"

"माझ्या मापाचा दिसत नाही," आई म्हणाली.

त्याने तिचा वॉकर धरलेला फोटो काढून देणग्यांच्या पानावर टाकला. वर लिहिलं, 'आईसाठी चालतोय.' आईने तो पाहिला. "केस तरी विंचरू द्यायचे होतेस. लोक पैसे देतील ते दया येऊन." त्याच्या मनात मात्र खोट नव्हती. लिहिताना त्याचे डोळे भरून आले होते, हे सुनेने पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी तो नारिंगी टी-शर्ट घालूनच आईला घेऊन बाहेर पडला. लिफ्टपर्यंत जायचं आणि यायचं म्हणजे जिवाचा आटापिटा. आईचा डावा पाय उचलला जात नसे, घासत पुढे येई. परत आल्यावर त्याने खिशातला फोन पाहिला.

"आपण लिफ्टला हात लावून आलो ना? हा म्हणतो, गेलोच नाही."

"पायाला विचार. फोनला काय विचारतोस?"

इतकं हळू चालणं फोनच्या हिशेबात चालणंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने फोन आईच्या स्वेटरच्या खिशात ठेवला. तिसऱ्या दिवशी तिच्या मोज्यात खोचला.

"उद्या कपाळाला बांध," आई म्हणाली. "निदान कुठे चाललोय ते तरी दिसेल त्याला."

दोघंही हसले. पण ऑफिसात त्याच्याच हाताखालचा रोखपाल यादीत त्याच्या वर होता, आणि शाखाप्रमुखाने मागे राहणं बरं दिसत नव्हतं. आईला फिरवून मग बाहेर पडावं तर उशीर होई, पाय आधीच भरून आलेले असत. "आजच्या दिवस, आई. उद्या दोनदा करू," असं म्हणून तो एका संध्याकाळी थेट बाहेर पडला. दुसऱ्या संध्याकाळी तेही म्हणायचं राहिलं.

त्याने लांबचा रस्ता धरला होता. तो आईच्या इमारतीखालून जात असे. आल्यावर, घामाने भिजलेला, तो तिच्या पलंगाच्या कडेला बसून बूट सोडी.

"आज तुझ्या घरावरून आलो."

"खिडकी नीट लागलीय ना?"

"लागलीय."

"वर जाऊन बघितलंस?"

"थांबलो की वेग पडतो गं."

सुनेने आठवडाभर पाहिलं आणि एका संध्याकाळी आईचा पट्टा स्वतः धरला. लिफ्टच्या दारापर्यंत सगळं ठीक होतं. वळताना आईचा तोल गेला, सुनेच्या पाठीतून कळ निघाली, आणि दोघी एकमेकींना धरून हळूहळू फरशीवर बसल्या. उठता येईना. हसूही आवरेना.

"अगं, मोबाइल आणलायस का?"

"तो ओट्यावर राहिला, आई."

"छान. मग बस. गाडी यायला वेळ आहे."

शेजारी राहणारा ड्रायव्हर कामावरून परतला, तेव्हा त्याने दोघींना उठवलं. त्यानंतर सून चार दिवस आडवी होती. आईने तिला पुन्हा पट्ट्याला हात लावू दिला नाही. "दोघींना खुर्चीत बसवायला एवढी देणगी जमायची नाही," ती म्हणाली. सुनेने नवऱ्याला विचारलं, की बाकीचं चालणं सकाळी करता येणार नाही का?

"शेवटचे थोडे दिवस राहिलेत. आणि हे मी कोणासाठी करतोय?"

"तेच विचारतेय."

तो बूट घालायला बसला.

देणग्या येत होत्या. मामांनी फोन करून बहिणीला सांगितलं, "तुझ्या पोटी श्रावणबाळ जन्माला आलाय."

"श्रावणबाळ कावड खांद्यावर घेऊन निघाला होता," आई म्हणाली. "आमचा कावड घरी ठेवून जातो." पलीकडून मामा खळखळून हसले. त्यांना वाटलं, ताई नेहमीसारखी गंमत करतेय.

महिना संपता संपता फिजिओच्या बाईंनी आईला दोन पायऱ्या चढायला लावलं. डावी टाच वर ओढली गेली होती. पाऊल आत वळत होतं. बाईंनी ते हातात धरून बराच वेळ दाबून पाहिलं.

"संध्याकाळी चालवून कोण घ्यायचं?"

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. सुनेने तोंड उघडलं, तोच आई म्हणाली, "मीच कंटाळा करायचे. हा म्हणायचा, चल. मी म्हणायचे, राहू दे."

"आजी, आता जिन्याचं अवघड आहे. खोटं सांगणार नाही. घरातल्या घरात फिराल."

मुलाने मान खाली घातली. आपल्याला वाचवलं गेलंय हे त्याला कळलं असावं, पण तो बोलला नाही. नंतरही नाही.

उपक्रमाच्या सांगता समारंभात तो पहिला आल्याचं जाहीर झालं. तो आईला घेऊन गेला होता. संस्थेने वाटपाच्या आधीच पहिली खुर्ची त्याच्या आईला देऊ केली आणि तिला त्याच खुर्चीतून मंचाजवळ आणलं. मुलाने स्वतःच्या गळ्यातलं पदक काढून तिच्या गळ्यात घातलं. टाळ्या थांबेनात. निवेदिकेने माइक आईपुढे धरला. सून मागच्या रांगेत पुढे वाकून बसली.

"माझ्या मुलाचे पाय चांगले आहेत," आई म्हणाली. "तसेच राहोत."

लोकांनी डोळे पुसले.

घरी आल्यावर आईने पदक काढून टेबलावर ठेवलं आणि सुनेला उशाखालची किल्ली द्यायला सांगितली. ती तिने मुलापुढे धरली.

"भाडेकरू बघ. जिना चढणारा."

"आई, इतकी घाई नाहीये. आपण अजून..."

"दुपारची वेळ आहे, उजेडात एकदा आतून बघून ये. पंपाचं पाणी वर येतं का बघ. गॅलरीतली कुंडी वाळली असेल, ती टाकून दे."

त्याने किल्ली घेतली. "गाडी काढतो."

"गाडी कशाला?" आई म्हणाली. "रस्ता पायाखालचा आहे तुझ्या."

तो दारात घुटमळला. मग खाली बसून त्याने बूट घातले. सुनेने नवी खुर्ची खिडकीशी नेली. तिथून रस्त्याचं वळण दिसत होतं. तो भरभर चालत गेला, आणि वळणाच्या आधी त्याने खिशातून फोन काढून पाहिलेला आईला दिसला.